घराची सुधारणा आणि विक्रीची किंमत: खर्च नेमका कुठे बुडतो?

१७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मेरठमध्ये निवासी भूखंडावर उभारलेल्या दुकानांच्या प्रकरणात निकाल देताना देशभरासाठी काही निर्देश दिले. बांधकामावर ओतलेला पैसा, मध्ये गेलेली वर्षे किंवा अधिकाऱ्यांनी केलेली डोळेझाक यांपैकी कशानेही अनधिकृत बांधकाम अधिकृत ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि बँकांनी इमारतीचे पूर्णत्वाचे किंवा भोगवटा प्रमाणपत्र तपासल्यानंतरच तिच्या तारणावर कर्ज द्यावे, असे बजावले. प्रकरण एका संपूर्ण बांधकामाचे होते, तरी त्यामागचा विचार साध्या सदनिकेतल्या बंद केलेल्या बाल्कनीपर्यंत आणि पाडलेल्या भिंतीपर्यंत येऊन पोहोचतो, कारण त्या सदनिकेचा पुढचा ग्राहक बहुधा कर्ज काढूनच ती घेणार असतो.

घर विकायला काढलेल्या अनेकांना एक गोष्ट उलगडत नाही. त्यांनी घरावर दहा-पंधरा लाख रुपये खर्च केलेले असतात, संगमरवर बसवलेला असतो, दिवाणखाना मोठा केलेला असतो, आणि तरीही शेजारच्या, हातही न लावलेल्या सदनिकेला त्यांच्यापेक्षा चांगला भाव मिळतो. ग्राहकाला पारख नाही, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात त्या खर्चाचा काही भाग ग्राहकाच्या दृष्टीने मूल्यहीन असतो आणि काही भाग चक्क उणे असतो. असे का होते आणि कोणत्या बदलांनी होते, हे येथे मुंबई-पुण्याकडच्या सोसायटीतील घरांच्या संदर्भात पाहू.

विकताना भाव कशाला मिळतो?

सोन्याचा दागिना मोडायला सराफाकडे नेला की तो आधी त्याचे वजन आणि शुद्धता पाहतो. घडणावळीपोटी आपण दिलेले पैसे तो देत नाही, खड्यांचे वजन वजा करतो आणि डाग, म्हणजे सांधे जोडायला वापरलेला हिणकस धातू, जास्त असेल तर घटही धरतो. घराच्या विक्रीतही हिशेब जवळपास असाच चालतो. जागा कोणत्या भागात आहे, तिचे कागदोपत्री क्षेत्रफळ किती आहे, इमारतीचे वय आणि प्रकृती कशी आहे, वाहन लावायला जागा आहे का, हे झाले सोने. आतील सजावट ही घडणावळ होय. ती पहिल्या मालकाच्या हौसेसाठी असते आणि पुढच्या मालकाकडून तिची पूर्ण वसुली होण्याची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. परवानगीविना केलेला किंवा इमारतीला धक्का लावणारा बदल मात्र डाग असतो, आणि तो आला की मूळ किमतीतूनच वजावट सुरू होते.

म्हणून कोणताही बदल करण्यापूर्वी तो घडणावळ आहे की डाग, एवढे ओळखता आले तरी बरेचसे नुकसान टळते. घडणावळीत आपण आनंदाची किंमत मोजतो आणि त्यात काही गैर नाही. डागाची किंमत मात्र विक्रीच्या वेळी मोजावी लागते, आणि ती त्या वेळी ठरवणारा आपण नसतो.

बँकेचा मूल्यांकनकर्ता काय मोजतो?

ग्राहकाने कर्जासाठी अर्ज केला की बँक दोन तपासण्या करते. वकील मालकीची साखळी तपासतो, आणि मूल्यांकनकर्ता, म्हणजे ज्याला सर्वजण व्हॅल्युअर म्हणतात तो, प्रत्यक्ष जागा पाहून ती मंजूर नकाशाशी ताडून पाहतो. मंजूर नकाशा म्हणजे महापालिकेने किंवा नियोजन प्राधिकरणाने शिक्का मारून दिलेला इमारतीचा आराखडा. मूल्यांकनाचा पाया असतो चटई क्षेत्र. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या कायद्यातील व्याख्येनुसार त्यात घराच्या आतील वापरण्याजोगी जागा आणि आतील भिंतींखालची जागा धरली जाते. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि खुली गच्ची धरली जात नाहीत. तुम्ही बाल्कनीला खिडक्या लावून तेथे अभ्यासाची खोली केलीत, तरी बँकेच्या लेखी ते क्षेत्र वाढत नाही.

याचा परिणाम आकड्यांत पाहावा. समजा, विक्रेता बंद केलेली बाल्कनी आणि सजावट धरून ९२ लाख रुपये मागतो आणि ग्राहक तयार होतो. बँकेच्या मूल्यांकनात मात्र घर ८० लाखांचे ठरते. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जात मालमत्तेच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम कर्जाऊ देता येते आणि कराराची रक्कम व मूल्यांकन यांपैकी जे कमी असेल ते बँक धरते. म्हणजे ग्राहकाला सुमारे ७३ लाख ६० हजार मिळतील असे वाटत होते, तेथे ६४ लाखच मिळतात. उरलेले २८ लाख त्याने स्वतःचे आणायचे. पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क धरले तर आणखी ६ लाख ४४ हजार आणि नोंदणीचे ३० हजार हेही बहुतांशी त्याच्याच खिशातून जातात. पहिल्या हिशेबापेक्षा साडेनऊ लाखांहून अधिक रोकड जास्त लागल्यावर मध्यमवर्गीय कुटुंब एक तर भाव पाडून मागते किंवा इसार परत घेऊन दुसरीकडे वळते. विक्रेत्याला वाटते की ग्राहक उलटला. खरे पाहता बँकेच्या एका अहवालाने त्याचे हात बांधलेले असतात.

मूल्यांकनकर्त्याला नकाशात नसलेली मोठी फेरफार आढळली, तर रक्कम कमी करण्यावर न थांबता बँक प्रकरणच नाकारू शकते. त्यानंतर पूर्ण रोखीने घेणारा ग्राहक शोधावा लागतो, आणि रोखीने घेणाऱ्याला आपल्या हातातील रोकडीची किंमत नीट ठाऊक असते.

बाल्कनी, फुलझाडांचा कट्टा आणि बाहेर काढलेली जाळी

सोसायट्यांमध्ये सर्वाधिक आढळणारा बदल म्हणजे बाल्कनी खोलीत घेणे. तो का अडतो, हे समजण्यासाठी चटई क्षेत्र निर्देशांक ही एकच संकल्पना पुरेशी आहे. भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येईल याचे ते प्रमाण असते आणि बोलीत त्याला एफएसआय म्हणतात. मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीखाली ठरावीक मर्यादेपर्यंतच्या बाल्कन्या आणि फुलझाडांचे कट्टे या निर्देशांकातून वगळलेले असत. उघड्या जागा म्हणून मिळालेली ती सवलत होती. ती बंद करून खोलीत घेतली की सवलतीचे कारणच उरत नाही. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले, या जागा निर्देशांकात मोजल्या जाऊ लागल्या आणि त्याबदल्यात अधिमूल्य भरून निवासी इमारतींना ३५ टक्क्यांपर्यंत जादा निर्देशांक देण्याची तरतूद झाली. मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत नियमावली लागू झाली. त्यामुळे तुमची इमारत कोणत्या वर्षीच्या नियमांखाली मंजूर झाली, यावर बाल्कनी बंद करण्याची परवानगी मिळू शकते की नाही हे अवलंबून असते. ज्यांनी त्या वेळी शुल्क भरून रीतसर परवानगी घेतली, त्यांच्या घराला या कारणाने काहीही बाधा येत नाही.

बांधकामाच्या अंगाने या बदलाला आणखी एक बाजू आहे आणि ती मला कागदांपेक्षा गंभीर वाटते. भिंतीबाहेर झुललेल्या बाल्कनीत मुख्य सळया काँक्रीटच्या वरच्या थरात असतात, कारण ताण वरच्या बाजूने पडतो. दिवाणखाना आणि बाल्कनी एका पातळीवर आणण्यासाठी कारागीर वरून छिन्नी चालवतो, तेव्हा बाल्कनीला धरून ठेवणाऱ्या सळयांनाच इजा होऊ शकते. भारतीय मानकांनुसार घराच्या बाल्कनीचा वापराचा भार चौरस मीटरला साधारण ३०० किलो धरतात. तिच्यात एक फूट उंचीचा मातीचा वाफा केला, तर ओल्या मातीचेच वजन चौरस मीटरला ५०० किलोंच्या पुढे जाते. कुंड्यांची बाग आणि मातीचा वाफा यांत हा फरक आहे. कुंड्या उचलता येतात आणि भारही विखुरलेला राहतो.

बाहेर काढलेल्या लोखंडी जाळीचा प्रश्न तुलनेने लहान आहे. ती काढता येते, ग्राहकालाही ते माहीत असते. मात्र तिच्या खिळ्यांच्या भोकांतून पावसाचे पाणी भिंतीत मुरत असेल, तर खिडकीखालचा पोपडा ग्राहकाला पहिल्याच भेटीत दिसतो.

“इमारतीतील सगळ्यांनीच केले आहे” आणि “आम्ही कर भरतो”

हे दोन आक्षेप नेहमी येतात आणि दोन्ही पूर्ण खोटे नाहीत. ज्या इमारतीत झाडून सर्व बाल्कन्या बंद आहेत, तेथे एकट्या तुमच्या घराचा भाव त्यामुळे पडणार नाही, कारण तुलनेला उघड्या बाल्कनीचे घरच नसते. परंतु महापालिकेची नोटीस इमारतीला सामूहिकपणे न येता त्या-त्या सदनिकेच्या मालकाला येते. मुंबईत ती महापालिका कायद्याच्या कलम ३५१ खाली आणि अन्यत्र बहुधा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली निघते. एखाद्या शेजाऱ्याशी बिनसले आणि त्याने तक्रार केली, तर “इतरांनीही केले आहे” हे उत्तर तेथे चालत नाही.

कराबद्दलचा गैरसमज अधिक खोल आहे. पिंपरी-चिंचवडकरांना शास्ती कर हा शब्द नव्याने सांगायला नको. महापालिका अधिनियमानुसार अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती आकारता येते, आणि ती आकारली म्हणून बांधकाम नियमित झाले असे समजू नये, असे त्याच कायद्यात लिहिलेले आहे. पुढे २०२३ मध्ये राज्य सरकारने तेथील शास्ती माफ करण्याचा निर्णय घेतला, पण शास्ती माफ होणे आणि बांधकाम अधिकृत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीजबिल, पाणीपट्टी, मालमत्ता कराची पावती हे सर्व तुम्ही तेथे राहता आणि देणी भरता याचे पुरावे आहेत. भिंत कोठे असायला हवी, हे केवळ मंजूर नकाशा सांगतो.

दंड भरून नियमित करून घेता येईल, हा तिसरा आधार. येतेही, पण नियमांत बसणारे बांधकामच नियमित होते. निर्देशांक शिल्लक नसेल, मोकळी सोडायची जागा व्यापली असेल, किंवा आग लागल्यावर आसऱ्यासाठी राखलेला भाग अडवला असेल, तर कितीही रक्कम भरण्याची तयारी असून उपयोग होत नाही.

भिंत पाडण्याआधी ती कशाची आहे ते पाहावे

गिरगाव, दादर किंवा पुण्याच्या पेठांतील जुन्या इमारतींत भिंतीच छताचा भार पेलतात. तेथे आतली भिंत काढणे म्हणजे वरच्या मजल्याचा आधार काढणे होय. त्यानंतरच्या सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींत भार खांब आणि तुळया पेलतात आणि विटांच्या भिंती बहुधा मधली जागा भरण्यापुरत्या असतात. त्यामुळे “ही तर नुसती विटांची आहे” हे कारागिराचे म्हणणे अशा इमारतीत अनेकदा बरोबर असते. अलीकडच्या उंच इमारतींनी हा हिशेब पुन्हा बदलला आहे. ॲल्युमिनियमचे साचे लावून, म्हणजे मायव्हान पद्धतीने, भिंती आणि छत एकत्र ओतले जातात. तेथे जवळपास प्रत्येक भिंत काँक्रीटची आणि भार वाहणारी असते. तिच्यात दार काढणे तर सोडाच, वायरीसाठी खोल खाच पाडतानाही सळई कापली जाण्याचा धोका असतो. शिवाय रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातील दोष दुरुस्त करून देण्याची जबाबदारी विकासकावर असते. मालकाने स्वतः भिंती फोडल्या असतील, तर विकासक त्याकडे बोट दाखवून हात वर करतो. अशा नव्या घराचा ग्राहक ती उरलेली हमी गृहीत धरून भाव ठरवत असतो.

२५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरमधील सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावरच्या जागेत नूतनीकरणाचे काम चालू होते आणि त्यात इमारतीच्या आधाराला धक्का लावल्याचा आरोप झाला. विक्रीच्या भावाची चर्चा चालू असताना ही घटना आठवावी लागते, कारण आपल्या घरात केलेल्या बदलाचे ओझे आपल्या वरच्या आणि खालच्या प्रत्येक घरावर असते आणि तेथील माणसांना कोणी विचारलेले नसते.

भार वाढवण्याची बाजूही लक्षात घ्यावी. निवासी खोल्यांसाठी भारतीय मानकांत माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण २०० किलो भार गृहीत धरलेला आहे. जुनी लादी न काढता तिच्यावर ४ सेंटीमीटर मसाला आणि १८ मिलिमीटरचा संगमरवर टाकला, तर चौरस मीटरला सुमारे १३० किलो कायमचे वाढतात. ६०० चौरस फुटांच्या घरात हे ओझे ७ टनांच्या आसपास जाते. सामानासाठी ठेवलेल्या वावातील निम्म्याहून अधिक भाग फरशीनेच खाल्ला. चार इंची विटांची नवी भिंत गिलाव्यासह धावत्या मीटरला ६०० ते ७०० किलो भरते, आणि तिच्याखाली तुळई नसेल तर ते सारे वजन छताच्या मधोमध येते. खोली विभागायचीच असेल, तर जिप्सम बोर्डाची किंवा हलक्या ठोकळ्यांची भिंत घालावी. पुढच्या मालकाला नको असेल तर ती दोन दिवसांत निघते.

३० वर्षांवरील इमारतींना मुंबईत संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, बंधनकारक आहे, आणि त्या अहवालात अशा फेरफारींची नोंद होऊ शकते. चौकस ग्राहक आता सोसायटीकडे तो अहवाल मागतो.

पाण्याची जागा हलवणे: सर्वांत महागडी सुधारणा

माझ्या मते विक्रीमूल्याला सर्वांत जास्त मारक ठरणारा बदल म्हणजे मोरी, संडास किंवा स्वयंपाकघराची जागा बदलणे. भिंत पाडल्याचे ग्राहकाच्या लक्षात येईलच असे नाही. गळती मात्र लपत नाही.

काँक्रीटच्या बहुतेक इमारतींत न्हाणीघराखालचे छत बाकीच्या छतापेक्षा सात-आठ इंच ते फूटभर खाली ओतलेले असते. त्या खोलगट भागात नळ्या बसतात, त्यांना उतार मिळतो आणि वर जलरोधक थर व कोबा घालता येतो. शयनकक्षाच्या जागी न्हाणीघर नेले की हा खोलगट भाग तेथे नसतो. मग एक तर जमीन वीतभर उंच करून पायरी करावी लागते, म्हणजे पुन्हा भार वाढला, किंवा छताला भोक पाडून नळी खालच्या घराच्या छतालगत न्यावी लागते. राष्ट्रीय इमारत संहितेतही न्हाणीघर व शौचालय दुसऱ्या न्हाणीघरावर किंवा तशाच जागेवर असावे, अन्यथा जमीन पूर्ण जलरोधक असावी, अशी अट आहे. खालच्या मजल्यावरील कुटुंबाच्या देवघरावर किंवा पलंगावर तुमचे शौचालय आले, तर त्यांच्या मनात काय येईल हे सांगायची गरज नाही.

गळती सुरू झाली की खालचे शेजारी सोसायटीकडे तक्रार करतात, दुरुस्ती कोणी करायची यावर पत्रव्यवहार होतो आणि तो सोसायटीच्या दप्तरात राहतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, सभासदाला सदनिका विकण्यासाठी सोसायटीच्या ना हरकत दाखल्याची सक्ती नाही, तरी कर्ज देणारी बँक तो हमखास मागते. ज्या सभासदाविरुद्ध गळतीची आणि विनापरवाना बदलाची तक्रार प्रलंबित आहे, त्याचा दाखला सहज निघत नाही. तोवर ग्राहक दुसरे घर बघतो.

अनेकदा स्वयंपाकघर वास्तुशास्त्राच्या सल्ल्याने आग्नेयेला हलवले जाते. त्या शास्त्राबद्दल कोणाचे काहीही मत असो, दिशा पाहणारे ग्राहक बाजारात आहेत हे वास्तव आहे. पण त्यांच्यासाठी म्हणून मोरीची नळी दिवाणखान्याच्या जमिनीखालून फिरवली, तर दिशा पाहणारा ग्राहक खूश होईल आणि त्याचाच सोबत आलेला प्लंबर त्याला व्यवहारातून बाहेर काढील.

तीन खोल्यांच्या दोन केल्या, दोन घरांचे एक केले

महाराष्ट्रातील शहरी ग्राहक घर शोधतो ते बीएचकेच्या भाषेत, म्हणजे शयनकक्ष किती या हिशेबाने. दोन मुले आणि आई-वडील असलेल्या कुटुंबाला तीन शयनकक्ष हवे असतात. त्यातील एक दिवाणखान्यात घेतलेले प्रशस्त घर ते कुटुंब बघायलाही येत नाही. उलट ज्याला दोनच शयनकक्ष पुरतात, तो तीनचा भाव देत नाही. क्षेत्रफळ तेवढेच राहून ग्राहकवर्ग अर्धा होतो. स्वयंपाकघर बाल्कनीत ढकलून एकाचे दोन शयनकक्ष करणाऱ्यांचीही अशीच अडचण होते: आतल्या खोलीला खिडकी उरत नाही आणि कागदावर घर एकाच शयनकक्षाचे राहते.

शेजारच्या दोन सदनिका जोडून केलेले मोठे घर राहायला सुखाचे असते. एकत्र विकायला काढल्यावर मात्र त्या रकमेचा ग्राहक त्या इमारतीत सापडत नाही, कारण तेवढा पैसा असणारा माणूस अधिक सोयींच्या संकुलात जातो. अशा वेळी दोन्ही घरे पुन्हा वेगळी करता येणे हीच खरी मालमत्ता. दोन्ही भाग प्रमाणपत्रे, म्हणजे सोसायटीची शेअर सर्टिफिकेटे, आणि दोन्ही वीजमापके वेगळी ठेवलेली असावीत, दुसऱ्या ओट्याची पाण्याची व सांडपाण्याची जोडणी बूच लावून जागेवर असावी, आणि मधल्या भिंतीत काढलेले दार महापालिकेची व सोसायटीची परवानगी घेऊन, संरचना अभियंत्याच्या सल्ल्याने काढलेले असावे. ज्यांनी दुसरे स्वयंपाकघर उखडून तेथे न्हाणीघर केले, त्यांना परत फिरण्याचा खर्च पहिल्या खर्चाहून जड जातो.

छताखालचे प्लास्टरचे नक्षीकाम, गडद रंग, भिंतीत बांधलेले पलंग आणि कपाटे यांची गणना घडणावळीत होते. तरी खोट्या छताबद्दल एक सूचना करावीशी वाटते. जुन्या इमारतीत शेवटच्या मजल्यावर ते असले की अनुभवी ग्राहक त्याखाली ओल किंवा गंजलेल्या सळया असतील असे समजूनच बोलतो, आणि ते खरे नसले तरी ते सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. तपासणीसाठी उघडता येणारी एक झडप ठेवल्यास हा संशय तेथल्या तेथे मिटतो.

इमारत पुनर्विकासाच्या वाटेवर असेल तर

इमारत ३० वर्षांची झाली, सर्वसाधारण सभेत विकासकांची नावे येऊ लागली, की हिशेब पूर्ण वेगळा होतो. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनुसार ५१ टक्के सभासदांच्या संमतीने गृहनिर्माण सोसायटीचा पुनर्विकास पुढे जाऊ शकतो, आणि मुंबईत ३० वर्षांवरील सोसायट्यांना विकास नियमावलीत जादा बांधकामाचे प्रोत्साहनही आहे. नव्या घराचे क्षेत्र साधारणपणे मंजूर नकाशातील किंवा करारातील चटई क्षेत्रावर ठरते. बंद केलेली बाल्कनी, गच्चीवर चढवलेली खोली, तळमजल्यासमोर वाढवलेला ओटा यांचा त्या वाटपात हक्क लागत नाही. यावरून सभासदांमध्ये होणारे वाद पुनर्विकास वर्षानुवर्षे रखडवू शकतात, आणि त्याची किंमत ज्यांनी काहीच वाढवले नाही त्यांनाही मोजावी लागते. अशा इमारतीत घर विकत घेणारा भावी क्षेत्रफळाचे पैसे देत असतो. त्याला तुमच्या संगमरवराचे काय करायचे?

अशा घरात राहणाऱ्यांनी गळती, वायरिंग आणि रंग यांपलीकडे खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

“पण मला घर विकायचेच नाही”

हा आक्षेप मी सर्वांत गंभीरपणे घेतो. घर राहण्यासाठी असते आणि पंचवीस वर्षांनी येणाऱ्या अनोळखी ग्राहकासाठी आजचे जगणे अडवून ठेवणे योग्य नाही. वृद्ध आईसाठी न्हाणीघरात आधाराचे दांडे लावणे, चाकाची खुर्ची जाईल एवढे दार रुंद करणे, संगीताच्या रियाजासाठी एक खोली ध्वनिरोधक करणे यांचा भाव मिळो न मिळो, ते करावे. फक्त बदल मागे घेता येण्याजोगा आहे का, एवढे पाहावे. शिवाय विक्री हाच एक प्रसंग नसतो: मुलांच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवणे, वारसांमध्ये वाटणी करणे, आजारपणात अचानक पैसा उभा करणे, या प्रत्येक वेळी तोच मूल्यांकनकर्ता तोच नकाशा घेऊन दाराशी येतो.

ग्राहकाला खरोखर भावणाऱ्या सुधारणा बहुधा दिसायला साध्या असतात. गळणारी न्हाणीघरे मुळापासून दुरुस्त करणे, जुन्या गंजलेल्या नळ्या बदलणे, विजेचे वायरिंग आजच्या वापराला पुरेसे करणे, पावसाच्या बाजूच्या खिडक्या नीट बंद होतील अशा करणे आणि फिका, स्वच्छ रंग. फरशी, दारे, गिलावा यांची साधी दुरुस्ती, जोवर इमारतीच्या भार पेलणाऱ्या भागांना हात लागत नाही तोवर, महापालिकेच्या परवानगीविना करता येते. सोसायटीला लेखी कळवावे एवढेच.

बदल आधीच झालेला असेल तर

प्रथम आपल्या इमारतीच्या मंजूर नकाशाची प्रत मिळवावी. ती सोसायटीच्या दप्तरात नसेल, तर महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात मागता येते. ती हातात घेऊन घरातला प्रत्येक फरक नोंदवावा आणि संरचना अभियंत्याला दाखवावा. जे परत पूर्ववत करता येते ते जाहिरात देण्यापूर्वीच करावे, कारण काढलेली जाळी किंवा पुन्हा बसवलेले बाल्कनीचे दार यांवर होणारा खर्च ग्राहक त्यापायी जेवढी रक्कम कापतो त्याहून बहुधा कमी असतो. जे नियमित होण्याजोगे आहे त्याचा अर्ज वास्तुविशारदामार्फत करावा. जे यांपैकी काहीच होऊ शकत नाही, ते ग्राहकाला इसार घेण्यापूर्वी लेखी सांगावे. मूल्यांकनाच्या दिवशी त्याला ते बँकेकडून कळले, तर त्याचा बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

पावत्यांचे महत्त्व शेवटी कर भरताना कळते. २४ महिन्यांहून अधिक काळ बाळगलेले घर विकल्यावर होणाऱ्या दीर्घकालीन भांडवली नफ्यातून सुधारणेचा खर्च वजा मिळतो, परंतु तो घराच्या रचनेत टिकाऊ भर घालणारा असावा लागतो. रंगकाम, किरकोळ दुरुस्ती आणि हलवता येणारे फर्निचर त्यात सहसा बसत नाही, आणि १ एप्रिल २००१ पूर्वी केलेला खर्चही धरला जात नाही. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला महागाई निर्देशांकाविना १२.५ टक्के किंवा निर्देशांकासह, म्हणजे खरेदीची किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून धरून, २० टक्के, यांपैकी कमी पडणारा कर लागू होतो, त्यामुळे दोन्ही प्रकारे आकडेमोड करून पाहावी. कंत्राटदाराला रोखीने पैसे देऊन कच्च्या कागदावर हिशेब ठेवला असेल, तर ही वजावट मागताना हाती काहीच राहत नाही. म्हणून काम लहान असो वा मोठे, पैसे बँकेतून द्यावेत आणि पक्के बिल, अभियंत्याचे पत्र व सोसायटीची परवानगी ही तिन्ही कागदपत्रे घराच्या मूळ कराराबरोबर एकाच फायलीत ठेवावीत.